शवविच्छेदन कोणाला सक्तीचे, कोणाला नाही?

वाचकांचे प्रश्न : वैद्यकीय शिक्षण

प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. फी, कोटा आणि कटऑफ यांविषयीची पत्रे मागे पडतात आणि ‘लेकराला प्रेत कापावे लागेल का’ असे विचारणारी पत्रे पुढे येतात. या वेळी त्यांच्या जोडीने देहदानाविषयीही बरीच विचारणा झाली आहे. शवविच्छेदन, म्हणजे शिकण्यासाठी मृतदेह उघडून पाहणे, सक्तीचे करायचे, तर देह कुठून तरी यावा लागतो; म्हणून दोन्ही प्रकारची पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे, सगळे माळकरी आहेत. धाकट्या लेकीचा यंदा एमबीबीएसला नंबर लागला. घरात आनंद आहे. पण तिच्या आजीने ‘मढ्याला हात लावायचा असेल तर ते शिक्षणच नको’ असा हट्ट धरला आहे. मुलीला यातून सूट मिळते का? तिने नुसते उभे राहून पाहिले तर चालणार नाही का?
— एक पालक, औसा

सूट मिळत नाही. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र असे तीन मुख्य विषय असतात आणि त्यांपैकी शरीररचनाशास्त्रात मृतदेहावरचे शिक्षण अंगभूत आहे. २०१९ साली देशभर नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला, तेव्हा या एका विषयासाठी ६७५ तास ठरवलेले होते. त्यांपैकी २२० तास व्याख्यानांचे आणि ४१५ तास प्रात्यक्षिके व लहान गटांतील शिक्षणाचे होते. पुढे या आकड्यांत फेरफार झाले, पण प्रात्यक्षिकांचे पारडे जडच राहिले. या तासांत हाडांचा अभ्यास, सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइड, एक्स-रे असे बरेच काही येते. परंतु मोठा वाटा डिसेक्शन हॉलचाच असतो. परीक्षेला बसण्यासाठी प्रात्यक्षिकांची ८० टक्के हजेरी लागते आणि परीक्षाही त्याच टेबलापाशी, विच्छेदन केलेल्या भागावर बोट ठेवून ‘ही कोणती नर्व्ह, कुठून आली, कुठे जाते’ अशी होते.

आता ‘नुसते पाहिले तर’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर. नियम काहीही म्हणोत, टेबलाभोवतीची सगळी मुले सारखे काम करत नाहीत. दोघे-तिघे हातात चिमटा आणि स्कालपेल धरतात, एक जण पुस्तक उघडून पायऱ्या वाचतो, उरलेले मागून माना उंचावून पाहतात. त्यामुळे तुमच्या मुलीने मागे उभे राहायचे ठरवले तर तिला कोणी अडवील असे नाही, आणि ती पासही होईल. पण तसे करू नये असे मी तिला आग्रहाने सांगेन, आणि का ते एका उदाहरणाने स्पष्ट करतो.

हाताच्या अभ्यासात बगलेचे विच्छेदन बहुधा सुरुवातीलाच येते. त्वचा बाजूला केली की आत सुबक, रंगीत, चित्रातल्यासारखे काहीही दिसत नाही. दिसते ती पिवळसर चरबी, तिच्यात गुंतलेल्या गाठी आणि चिवट पापुद्रे. धारदार पाते इथे उपयोगाचे नसते. बोथट चिमट्याने ती चरबी कणाकणाने सोडवावी लागते आणि तास-दीड तासानंतर मुख्य रोहिणीच्या, म्हणजे धमनीच्या, पुढे पांढऱ्या मज्जातंतूंची इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी रचना हळूहळू उघडी पडते. मधल्या टोकाला मीडियन नर्व्ह. एका बाजूची नर्व्ह थेट एका स्नायूला भेदून आरपार जाते, दुसरी कोपराच्या मागच्या खोबणीकडे निघते. कधी यांतली पहिली नर्व्ह स्नायूला भेदतच नाही, बाजूने जाते. मग टेबलाभोवती गडबड उडते, कारण पुस्तकात तसे नसते. माणसे आतून एकसारखी नसतात हे त्या दिवशी बोटांना कळते. कोणती ऊती ताण सहन करते आणि कोणती चिमट्याच्या एका हिसक्यात तुटते, हेही तिथेच कळते. मागे उभ्या राहिलेल्या मुलाला यातले काही मिळत नाही. त्याला तयार झालेला ‘एम’ तेवढा दिसतो.

आजींच्या हट्टाविषयी दोन शब्द. त्यांची शंका मला मागासलेली वाटत नाही. मृतदेहाबद्दल काहीच न वाटणाऱ्या मुलापेक्षा असे काही वाटणाऱ्या घरातली मुलगी डॉक्टर झालेली बरी. १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी पहिल्यांदा मृतदेहावर शस्त्र चालवले. ते स्वतः वैद्यकुळातले, आयुर्वेद शिकलेले आणि संस्कृत जाणणारे होते. सोवळ्याची अडचण त्यांच्यापुढे आजींच्या अडचणीपेक्षा कितीतरी मोठी होती. आता अभ्यासक्रमातच ‘मृतदेह हा आपला पहिला शिक्षक’ या आशयाचा एक पाठ आहे आणि अनेक महाविद्यालयांत मुले हॉलमध्ये पाऊल ठेवण्याआधी देहापुढे फुले वाहून शपथ घेतात : देहाची थट्टा करणार नाही, छायाचित्र काढणार नाही, त्याचा मान ठेवीन. हे आजींना सांगावे. आणि हॉलमधून आल्यावर मुलगी अंघोळ करणारच आहे. फॉर्मॅलिनचा वास तिला दुसरे काही सुचू देणार नाही.

मला नीटमध्ये बरे गुण आहेत, पण एमबीबीएस मिळणार नाही. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी आणि बीएस्सी नर्सिंग असे पर्याय आहेत. यांपैकी कशात शवविच्छेदन करावे लागते आणि कशात नाही? मला रक्ताची भीती नाही, पण प्रेताची वाटते.
— विद्यार्थी, नांदेड

पहिली गोष्ट ही, की डिसेक्शन हॉलमध्ये रक्त नसतेच. देह टिकवण्यासाठी मांडीतल्या किंवा मानेतल्या रोहिणीतून फॉर्मॅलिन, ग्लिसरीन, फिनॉल, स्पिरिट आणि पाणी यांचे मिश्रण काही लिटर आत सोडलेले असते. फॉर्मॅलिनमुळे ऊती घट्ट होतात व सडत नाहीत, ग्लिसरीनमुळे त्या वाळत नाहीत, फिनॉलमुळे बुरशी धरत नाही. त्यानंतर तो देह करड्या-तपकिरी रंगाचा, थंड आणि कडक होतो. प्रेताच्या भीतीने पहिल्या दिवशी चक्कर आलेली मुले आठवडाभरात त्याच टेबलाशेजारी उभी राहून रात्रीच्या मेसच्या जेवणाबद्दल तक्रारी करू लागतात. हे बरे की वाईट हा वेगळा प्रश्न आहे.

दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला मानवी शरीररचनाशास्त्र आहे आणि त्यात डोके व मान यांवर भर असतो. खालच्या जबड्याची दाढ काढण्याआधी जी सुई टोचतात, ती जबड्याच्या हाडाच्या आतल्या बाजूला, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, मज्जातंतूच्या शेजारी नेऊन टेकवावी लागते. ती जागा ज्याने एकदा उघडी करून पाहिली आहे त्याचा हात ठाम असतो. तेव्हा बीडीएसमध्ये विच्छेदनातून सुटका नाही.

बीएएमएसमध्येही नाही. तिथे विषयाचे नाव रचनाशारीर. पहिले व्यावसायिक सत्र दीड वर्षाचे असते आणि त्यात विच्छेदनाचा भाग असतो. आयुर्वेदाला हे पाश्चात्त्यांकडून घ्यावे लागले असे समजणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेतले शारीरस्थान पाहावे. विषाने न मेलेला, दीर्घ आजाराने न खंगलेला, शंभरी न गाठलेला आणि सर्व अवयव शाबूत असलेला देह घ्यावा. त्याच्या आतड्यातला मळ काढावा. मुंज, कुश, ताग अशा कशाने तरी तो गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवावा. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस किंवा वेळूच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असे तिथे सांगितले आहे. शस्त्राने न कापता घासून थर उलगडण्याची ही युक्ती आहे. शल्य शिकणाऱ्याने शास्त्रात वाचलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले एकत्र जोडले पाहिजे, ही त्यामागची भूमिका आजच्या कोणत्याही नियमावलीपेक्षा स्पष्ट आहे. होमिओपॅथीच्या बीएचएमएसलाही शरीररचनाशास्त्र व त्यातले विच्छेदन लागू आहे. मात्र या दोन्ही शाखांच्या काही खाजगी महाविद्यालयांत देह वर्षानुवर्षे तेच असतात आणि ‘विच्छेदन’ म्हणजे हौदातून काढलेले वाळके अवयव ट्रेमध्ये मांडणे एवढेच उरते, हे प्रवेशाआधी पाहून घ्यावे. हॉल पाहू द्या म्हटल्यावर कॉलेज आढेवेढे घेऊ लागले, तर काय समजायचे ते समजावे.

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना सहसा स्वतः कापावे लागत नाही. शिक्षकांनी किंवा एमबीबीएसच्या मुलांनी नीट विच्छेदन केलेले हात, पाय, पाठ यांवर त्यांचे प्रात्यक्षिक होते आणि जोडीला जिवंत माणसाच्या अंगावर हाडांची टोके, स्नायूंचे काठ चाचपून ओळखण्याचा सराव असतो. त्यांच्या कामाला हेच योग्य आहे असे माझे मत आहे. नर्सिंगला तर विच्छेदनाची अटच नाही. प्रतिकृती, तक्ते आणि सांगाडा यांवर भागते. बी.फार्मलाही तसेच.

परंतु नर्सिंगच्या मुलींना एकदा तरी उघडलेला कुल्ला दाखवावा, असे मी नेहमी म्हणत आलो. कुल्ल्यात इंजेक्शन द्यायचे ते वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात, असे त्या पाठ करतात. तिथून खाली आणि आतल्या बाजूला करंगळीएवढी जाड सायटिक नर्व्ह जाते. ती पाहिलेली मुलगी गावातल्या उपकेंद्रात, रडत हातपाय झाडणाऱ्या लेकराला घाईघाईत सुई टोचणार नाही. चुकलेल्या सुईमुळे पाऊल कायमचे लुळे पडलेली लेकरे आपल्या भागात पुष्कळांनी पाहिली असतील. अट नसली तरी जवळच्या मेडिकल कॉलेजला पत्र देऊन अशी एक भेट घडवून आणणे कोणत्याही नर्सिंग शाळेला अवघड नाही.

मुलाला परदेशात एमबीबीएसला पाठवण्याचा विचार आहे. एजंट सांगतो, तिकडे प्रेत नाही, सगळे संगणकावर आहे, म्हणून शिक्षण सोपे जाते.
— पालक, हिंगोली

एजंटला जी सोय वाटते ती तुमच्या मुलाची अडचण ठरू शकते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला आणि वर १२ महिन्यांच्या इंटर्नशिपसह असावा लागतो. परतल्यावर जी पात्रता परीक्षा द्यावी लागते, त्या एफएमजीईच्या ३०० गुणांपैकी शरीररचनाशास्त्राला १७ आहेत. सतरा गुण पाठांतराने मिळतीलही. प्रश्न त्यानंतर रुग्णाच्या पोटावर हात ठेवण्याचा आहे. विद्यापीठाकडून हॉल, देहांची संख्या आणि प्रात्यक्षिकाचे वेळापत्रक लेखी मागवा. एजंटच्या मोबाइलमधला व्हिडिओ पुरावा म्हणून धरू नका.

आमच्या कॉलेजात मोठ्या पडद्याचे थ्रीडी टेबल आले आहे. बोटाने सरकवले की त्वचा जाते, स्नायू जातात, हवे ते दिसते. मग मृतदेहाची सक्ती अजून का ठेवली आहे?
— प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, लातूर

प्रश्न रास्त आहे आणि तो जगभर विचारला जातो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात या शतकाच्या सुरुवातीला पेनिन्सुला नावाचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याने मृतदेहावरचे विच्छेदन मुळातच ठेवले नाही. चित्रण, प्रतिकृती आणि जिवंत माणसाचे शरीर यांवरच तिथे शिकवले गेले, आणि तिथून बाहेर पडलेले डॉक्टर अडाणी निघाले असे काही झाले नाही. दुसरीकडे, जर्मनीत गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ मध्ये प्लास्टिनेशनची पद्धत काढली : देहातले पाणी अ‍ॅसिटोनने काढून त्या जागी सिलिकॉनसारखे बहुवारिक (पॉलिमर) भरायचे. असे अवयव कोरडे, वासरहित असतात आणि वर्षानुवर्षे हाताळता येतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने टिकवलेला देह मऊ राहतो, सांधे वाकतात. शस्त्रक्रियेच्या सरावाला तो फॉर्मॅलिनमधल्या कडक देहापेक्षा खूपच जवळचा.

तुमच्या टेबलातली चित्रेही बहुतेक ठिकाणी खऱ्या माणसांवरूनच आलेली असतात, हे ध्यानात असू द्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ मध्ये एका पुरुषाच्या गोठवलेल्या देहाचे एकेक मिलिमीटरचे काप घेऊन त्यांची छायाचित्रे खुली केली, पुढच्या वर्षी एका स्त्रीच्या देहाचे त्याहून पातळ काप. म्हणजे पडद्यावरही कोणाचा तरी देह आहेच. फरक एवढाच की तो एकच देह जगभरची मुले पाहतात.

आणि माझ्या मते अडचण नेमकी तिथे आहे. थ्रीडी टेबलावरच्या माणसाला पित्ताशय असते, कारण ते असायला हवे. आपल्या हॉलमधल्या देहांत कधी पित्ताशय काढलेले असते आणि तिथे धातूच्या बारीक क्लिपा सापडतात. कधी छातीत पेसमेकर निघतो. कधी खुब्यात पोलादी सांधा. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईची फुप्फुसे, तिने कधी विडी ओढली नसली तरी, काळ्या ठिपक्यांनी भरलेली दिसतात. अनवाणी शेतात राबलेल्या माणसाच्या टाचेची त्वचा कापताना पाते बोथट होते. हे मराठवाड्यातले शरीर आहे, आणि तुमच्या ओपीडीत उद्या तेच येऊन बसणार आहे. पडद्यावर अवकाशाची समज लवकर येते, उजळणीला तो उत्तम आहे, मेंदूच्या आतल्या पोकळ्यांसारख्या गोष्टी तर त्यावरच अधिक नीट कळतात. म्हणून तो वापरावा, पण हॉलच्या ऐवजी नव्हे. पैशांचाही हिशोब आहे : टेबल एकदा विकत घेतले की तपासणी पथकाला दाखवता येते, देह मिळवायला मात्र विभागाला बारा महिने लोकांशी बोलावे लागते. काही संस्थाचालकांना पडद्याचे एवढे प्रेम का, हे यावरून कळावे.

फॉर्मॅलिनने कॅन्सर होतो असे वाचले. मुलगी दररोज दोन तास हॉलमध्ये असते.
— पालक, बीड

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, हे खरे. मात्र तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षे त्या वाफांत काम करणाऱ्यांचा आहे. विद्यार्थिनीपेक्षा हॉलमधल्या परिचराची काळजी जास्त करायला हवी, आणि ती बहुधा कोणीच करत नाही. मुलीने हातमोजे व अ‍ॅप्रन घालावा, कॉन्टॅक्ट लेन्स लावून जाऊ नये, डोळे चुरचुरले तर बाहेर मोकळ्या हवेत यावे, दमा असेल तर शिक्षकांना आधी सांगावे. हॉलचे एक्झॉस्ट पंखे बंद असतील तर मुलांनी मिळून अर्ज द्यावा.

मी पोलीस पाटील आहे. आमच्या शिवारात रेल्वे रुळाजवळ किंवा देवस्थानाच्या आवारात बेवारस प्रेत सापडते. अशी प्रेते मेडिकल कॉलेजला देतात असे ऐकले. हे कायदेशीर आहे का?
— परभणी जिल्हा

कायदेशीर आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट केला. रुग्णालयात, कारागृहात किंवा सार्वजनिक जागी मृत्यू झालेल्या आणि ठरलेल्या मुदतीत जवळच्या नातेवाइकांनी न मागितलेल्या देहाला त्यात बेवारस मानले आहे, आणि असा देह मान्यताप्राप्त संस्थेला विच्छेदनासाठी देता येतो. त्या वेळी मराठवाडा मुंबई राज्यात नव्हता; तो आला १९५६ मध्ये, आणि त्याच वर्षी आज घाटी म्हणून ओळखले जाणारे औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

पण तुम्ही म्हणता ती रुळाजवळची प्रेते कॉलेजच्या फारशी उपयोगाची नसतात. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असला की पोस्टमॉर्टेम होते, त्यात छाती, पोट आणि कवटी उघडली जाते, रक्तवाहिन्या तुटतात आणि मग टिकवण्याचे द्रावण शरीरभर पोचत नाही. शिवाय सापडेपर्यंत देह बहुधा खराब झालेला असतो. उपयोगाचे ठरतात ते रुग्णालयात आजाराने वारलेले, ज्यांच्या मागे कोणी आले नाही असे लोक.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणावीशी वाटते. विच्छेदनाची सक्ती सगळ्यांच्या मुलांसाठी आणि देह मात्र ज्यांना कोणी नाही त्यांचे, ही व्यवस्था जगात सगळीकडे अशीच सुरू झाली. एडिनबर्गमध्ये १८२८ साली दोघा जणांनी सोळा माणसांचे खून करून त्यांचे देह शरीररचनेच्या शिक्षकाला विकल्याचे उघड झाले; त्यानंतर ब्रिटनने १८३२ मध्ये कायदा केला आणि गरीबगृहांतले बेवारस देह महाविद्यालयांना मिळू लागले. खून थांबले, पण भार गरिबांवरच गेला. आपला कायदाही त्याच वळणाचा आहे. ज्या माणसाला जिवंतपणी कोणी विचारले नाही त्याची संमती मेल्यावरही कोणी विचारत नाही. म्हणूनच जे स्वखुशीने देह देतात, त्यांची संख्या वाढणे मला फक्त कॉलेजच्या सोयीचे वाटत नाही.

मी निवृत्त शिक्षक आहे, वय ७४. देहदान करण्याची इच्छा आहे. अर्ज कुठे करायचा, पुढे काय होते, देह परत मिळतो का, हे सविस्तर सांगावे. गावात कोणालाच माहिती नाही.
— सेलू

सर, आपल्यासारख्यांच्या पत्रावाचून वरची सगळी उत्तरे अपुरी राहिली असती. दहा विद्यार्थ्यांमागे एक देह, असा जुना निकष सांगितला जातो. २०२० नंतर धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली इथे प्रत्येकी शंभर जागांची शासकीय महाविद्यालये निघाली. त्या निकषाने या चार ठिकाणीच दर वर्षी चाळीस देह लागतील. संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूरची जुनी कॉलेजे वेगळीच. एवढे देह नसल्यामुळेच एका टेबलाभोवती वीस-पंचवीस मुले दाटीने उभी राहतात आणि सक्ती कागदावर राहते.

अर्ज कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. कायद्याप्रमाणे इच्छा लेखी आणि दोन साक्षीदारांसमोर व्यक्त केलेली असावी. साक्षीदार घरातलेच घ्यावेत, तेही मुलगा, मुलगी असे; कारण फोन त्यांनाच करायचा आहे. सोबत ओळखपत्राची प्रत आणि फोटो लागतो. विभाग एक कार्ड देतो. पैसे भरावे लागत नाहीत आणि मिळतही नाहीत. मन बदलले तर अर्ज केव्हाही मागे घेता येतो. अर्ज न भरताही, मृत व्यक्तीचा विरोध नव्हता असे असेल तर, जवळचे नातेवाईक मृत्यूनंतर देह देऊ शकतात.

अडचणी येतात त्या मृत्यूच्या दिवशी. पहिली दाखल्याची. मृत्यू नैसर्गिक असल्याचा आणि त्याच्या कारणाचा डॉक्टरने सही केलेला दाखला नसेल तर विभाग देह घेत नाही, आणि खेड्यात रात्री घरी मृत्यू झाला की दाखला द्यायला डॉक्टर सापडत नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना हे आताच सांगून ठेवा. दुसरी वेळेची. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात देह काही तासांत खराब होऊ लागतो; सगळे पाहुणे येईपर्यंत थांबायचे तर शवपेटी किंवा बर्फाची व्यवस्था हवी, नाहीतर दर्शन आटोपते घ्यावे. तिसरी वाहनाची. काही कॉलेजे गाडी पाठवतात, बहुतेक ठिकाणी ती आपणच करावी लागते. ज्या कॉलेजात अर्ज भरला तिथेच देह नेला पाहिजे असे नाही. मृत्यू पुण्याला मुलाकडे झाला तर तिथले जवळचे कॉलेज घेऊ शकते.

एचआयव्ही, कावीळ ब किंवा क यांसारखा संसर्ग, पोस्टमॉर्टेम झालेला देह, मोठ्या जखमा किंवा अंथरुणाला खिळून झालेल्या, पसरलेल्या शय्याव्रणांनी खराब झालेला देह, हे सहसा नाकारले जातात. नकार आल्यास घरच्यांनी तो अपमान समजू नये. अंत्यसंस्काराची पर्यायी तयारी मनात ठेवावी.

देह परत मिळत नाही. तो साधारण एक वर्ष, कधी त्याहून अधिक, विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला राहतो. नंतर उरलेल्या अवशेषांची विल्हेवाट महाविद्यालय नियमानुसार लावते आणि कधी हाडे स्वच्छ करून सांगाडा म्हणून शिकवण्यासाठी ठेवतात. देहावर नाव नसते, क्रमांक असतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेले जनसंघाचे नेते नानाजी देशमुख २०१० मध्ये चित्रकूटला वारले, तेव्हा त्यांचा देह त्यांच्या इच्छेप्रमाणे दिल्लीच्या एम्सला देण्यात आला. त्याच वर्षी मार्क्सवादी कम्युनिस्ट नेते ज्योती बसूंचाही कोलकात्यात. राजकारणाच्या दोन टोकांची ही माणसे या एका बाबतीत एकाच मताची निघाली.

वडिलांनी देहदानाचा अर्ज भरला होता. ते मागच्या महिन्यात वारले. मी तयार होतो. पण थोरले दादा आणि चुलते म्हणाले, सावडायला राख नाही, गंगेत सोडायला अस्थी नाहीत, दहाव्याला काय करायचे? शेवटी अग्नी दिला. वडिलांची इच्छा कायद्याने बंधनकारक नव्हती का?
— अंबाजोगाई

अर्जाने कॉलेजला देह स्वीकारण्याचा अधिकार मिळतो. पण दारात भाऊबंद आडवे उभे असताना पोलीस आणून देह नेणारे कॉलेज मी पाहिलेले नाही, आणि तसे कोणी करूही नये. वडिलांची इच्छा पाळली जाते ती घरातल्यांच्या एकमताने. ते एकमत वडील जिवंत असताना, सगळे भाऊ आणि चुलते एकत्र बसलेले असताना व्हायला हवे होते. तुमचा दोष नाही. बहुतेक घरांत अर्ज एकट्याने भरलेला असतो आणि कार्ड कपाटात राहते.

दादांच्या प्रश्नाला मात्र उत्तर आहे. परदेशी वारलेल्या किंवा पुरात वाहून गेलेल्या माणसाचा देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असा विधी आपल्या धर्मशास्त्रातच आहे. देहाविना क्रिया होत नाही असे शास्त्र म्हणत नाही. देहदान केलेल्या घरांत दहावा, तेरवी नेहमीप्रमाणे होते. पिंड ठेवले जातात, कावळाही शिवतो. काही घरे त्या दिवशी कीर्तन ठेवतात. कोणते गुरुजी याला तयार आहेत, हे गावात आधी विचारून ठेवलेले बरे. आईची किंवा आणखी कोणाची तशी इच्छा असेल, तर ही बैठक आता घ्या.

नेत्रदानाचाही फॉर्म भरला आहे. दोन्ही चालते का? मला साखर आहे आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे.
— गृहिणी, उदगीर

ताई, दोन्ही चालते. डोळ्यांतला उपयोगाचा भाग म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा. तो मृत्यूनंतर चार ते सहा तासांत काढावा लागतो, आणि तो काढलेला देहही विच्छेदनासाठी स्वीकारतात. साखर किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन या दोन्हींच्या आड येत नाही. मेंदूमृत्यूनंतर मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांचे दान मात्र वेगळे : ते १९९४ च्या कायद्याखाली मोठ्या रुग्णालयातच होते, आणि त्यानंतर तो देह सहसा विच्छेदनाला घेत नाहीत. अशी वेळ आलीच, तर अवयवदानाला प्राधान्य द्यावे, असे घरच्यांना सांगून ठेवा. फोन आधी नेत्रपेढीला करायचा, मग शरीररचनाशास्त्र विभागाला. तोवर डोळे मिटून त्यावर ओल्या कापडाची घडी ठेवायची आणि डोक्यावरचा पंखा बंद करायचा.